मुलांच्या वाहिनीसाठी ॲनिमेटेड गाणं: तालापासून मास्टर फाइलपर्यंत

मुलांच्या वाहिनीवर दोन कार्यक्रमांच्या मध्ये जे दीड-दोन मिनिटांचं गाणं लागतं, ते बनवताना सर्वाधिक वेळ जातो तो एकदा काढून झालेली चित्रं पुन्हा हलवण्यात. चाल बदलली, कडवं वाढलं, ढोलकीवाल्यानं लय थोडी चढवली की आधीचे सगळे ठेके चुकतात आणि ॲनिमेटर पुन्हा पहिल्या फ्रेमपासून बसतो. म्हणून या लेखात सर्वांत जास्त जागा तालाला दिली आहे. ताल फ्रेममध्ये नीट बसला की पुढचं निम्मं काम सरळ रेषेत होतं.

उदाहरण म्हणून ९० सेकंदांचं, द्विमितीय कट-आउट पद्धतीचं (पात्राचे सुटे तुकडे हलवून केलेलं), तीन ते सहा वर्षांच्या मुलांसाठीचं पावसाचं गाणं घेऊ. भारतात टीव्हीचा वेग सेकंदाला २५ फ्रेम. म्हणजे ९० सेकंदांच्या २२५० फ्रेम. चित्राचा आकार १९२० × १०८०. प्रोजेक्ट उघडतानाच २५ हा आकडा घाला; बऱ्याच सॉफ्टवेअरमध्ये तो मुळात २४ किंवा ३० असतो, आणि अर्धं काम झाल्यावर बदलला तर सगळ्या किल्ल्या, म्हणजे हालचालीचे टप्पे ठरवणाऱ्या की-फ्रेम, अपूर्णांकांवर जाऊन बसतात.

शब्द आणि हक्क

आधी हक्कांचं मिटवा. घराघरात म्हटली जाणारी सगळी बालगीतं लोकगीतं नसतात. अनेकांचे कवी ठाऊक आहेत आणि भारतीय कायद्यात कवीच्या निधनानंतर, पुढच्या वर्षाच्या सुरुवातीपासून मोजून, ६० वर्षं हक्क टिकतो. शब्द पारंपरिक असले तरी एखाद्या कंपनीनं केलेलं ध्वनिमुद्रण किंवा त्यातली नवी चाल पारंपरिक नसते. ‘यूट्यूबवर सगळे वापरतात’ हे उत्तर वाहिनीच्या कायदा विभागात चालत नाही. पारंपरिक शब्द, नवी चाल, स्वतःचं ध्वनिमुद्रण हा सुरक्षित मार्ग. पूर्ण नवं गाणं लिहून घेणं त्याहून सुरक्षित. गीतकार आणि संगीतकाराशी लेखी करार करा आणि त्यात गाणं चित्राबरोबर वापरण्याची परवानगी स्पष्ट लिहा. २०१२ च्या दुरुस्तीनंतर त्यांचा रॉयल्टीतला वाटा ‘सगळे हक्क कायमचे दिले’ अशा एका ओळीनं काढून घेता येत नाही, हेही ध्यानात ठेवा.

शब्द लिहिताना मात्रा मोजाव्यात. मराठी बालगीताला सोळा मात्रांची ओळ फार छान बसते, कारण केरव्याच्या आठ मात्रांची दोन आवर्तनं म्हणजे बरोबर एक ओळ. आपल्या गाण्याचं धृपद असं धरू:

टप टप टप टप पाउस झाला,
इरलं घेउन बेडुक आला!

‘पाउस’, ‘बेडुक’ असे ऱ्हस्व उकार मुद्दाम घेतले आहेत. दीर्घ ठेवले तर प्रत्येक ठिकाणी एक मात्रा वाढते आणि गायिकेला ओढाताण करावी लागते. प्रत्येक ओळीत मुलाला करून दाखवता येईल अशी एक तरी क्रिया हवी. ‘टप टप’ला बोटं तळहातावर, ‘इरलं’ला दोन्ही हात डोक्यावर. क्रिया नसलेली ओळ लहान मुलासाठी रिकामी जाते, मग तिथं चित्र कितीही सुंदर असो.

ताल फ्रेममध्ये मोजा

सूत्र साधं आहे. १५०० भागिले बीपीएम (मिनिटाला पडणाऱ्या टाळ्या) म्हणजे दोन टाळ्यांमधल्या फ्रेम. स्टुडिओत सवयीनं १२० चा वेग धरतात. १५०० भागिले १२० केलं की येतात साडेबारा फ्रेम, आणि अर्धी फ्रेम अस्तित्वात नाही. नाचाचं चक्र १२ फ्रेमचं केलं तर आठ टाळ्यांनंतर पात्र ४ फ्रेम पुढे निघून जातं, सोळा टाळ्यांनंतर ८ फ्रेम, म्हणजे जवळजवळ एक तृतीयांश सेकंद. बघणाऱ्याला नेमकं काय चुकतंय ते सांगता येत नाही, पण पात्र ‘गाण्यात नाही’ हे कळतं. संगीतकाराकडून ११० किंवा १२० घेण्याऐवजी हे आकडे द्या:

टाळीला १२ फ्रेम: १२५ बीपीएम
टाळीला १५ फ्रेम: १०० बीपीएम
टाळीला १६ फ्रेम: ९३.७५ बीपीएम
टाळीला १८ फ्रेम: ८३.३३ बीपीएम
टाळीला २० फ्रेम: ७५ बीपीएम

रीपर, क्यूबेस, लॉजिक ही सगळी सॉफ्टवेअर दशांशातला वेग घेतात, त्यामुळे ९३.७५ ऐकून संगीत संयोजकाच्या कपाळावर आठी आली तरी अडचण काही नसते.

यातला कोणता आकडा घ्यायचा ते ताल ठरवतो. केरव्यात दर दोन मात्रांना एक टाळी पडते, म्हणून टाळीच्या फ्रेमना दोननं भाग जायला हवा. दादऱ्यात दर तीन मात्रांना टाळी, म्हणून तिननं. त्यातही भागाकार सम आला तर उत्तम, कारण कट-आउट आणि हातानं काढलेलं ॲनिमेशन बहुधा ‘टूज’वर चालतं, म्हणजे एक चित्र दोन फ्रेम टिकतं. केरव्याला १६ घेतले की मात्रा ८ फ्रेमची, चार चित्रांची. दादऱ्याला १८ घेतले की मात्रा ६ फ्रेमची. दादऱ्यात १०० बीपीएमही चालतो, पण मात्रा ५ फ्रेमची येते आणि टूजवर काम करणाऱ्याची पंचाईत होते. ७५ च्या खालचा संथ ताल तीन-चार वर्षांच्या मुलांना धरून ठेवता येत नाही, टाळ्या पुढे पळतात. तो वेग अंगाईसाठी राखून ठेवावा.

आपलं गाणं केरव्यात, १६ फ्रेमच्या टाळीवर. एक आवर्तन ६४ फ्रेम, एक ओळ १२८ फ्रेम. आता पूर्ण गाण्याचा आराखडा कागदावर मांडता येतो:

सुरुवातीचं संगीत: २ आवर्तनं, फ्रेम १ ते १२८
धृपद: ४ आवर्तनं, १२९ ते ३८४
पहिलं कडवं: ८ आवर्तनं, ३८५ ते ८९६
धृपद: ८९७ ते ११५२
मधलं संगीत: ११५३ ते १२८०
दुसरं कडवं: १२८१ ते १७९२
धृपद: १७९३ ते २०४८
समारोप: २ आवर्तनं, २०४९ ते २१७६
शेवटची गुंज विरण्यासाठी: ७४ फ्रेम, २२५० पर्यंत

हा कागद संगीतकार, दिग्दर्शक आणि ॲनिमेटर तिघांच्याही भिंतीवर हवा. ‘दुसऱ्या कडव्याच्या तिसऱ्या ओळीला बेडूक उडी मारतो’ म्हटलं की ती फ्रेम १५३७ हे कुणालाही काढता आलं पाहिजे.

ध्वनिमुद्रण

वादकांना क्लिक, म्हणजे ठरलेल्या वेगाची टिकटिक, ऐकवूनच वाजवायला लावा. क्लिकशिवाय वाजवलेली ढोलकी कडव्यागणिक चढत जाते; मैफलीत ते रंगतं, इथं मात्र वरचा सगळा तक्ता निकामी होतो. क्लिक नको असं वादक म्हणाले तर त्याच वेगाचा मंजिरीचा किंवा टाळाचा ट्रॅक त्यांच्या कानात द्या, तो बहुतेकांना रुचतो.

पट्टी मुलांच्या गळ्यासाठी ठरवा. पाच वर्षांच्या मुलाला सोबत म्हणता यावं असं वाटत असेल तर चाल मध्य सा ते ध एवढ्यातच ठेवा. तार सप्तकातली हरकत मोठ्यांना आवडते, पण मुलं तिथं गप्प होतात. शब्दांत र आणि ळ एकत्र येणाऱ्या जागा असतील तर गायिकेला त्या सावकाश, स्पष्ट म्हणायला सांगा.

मुलांकडून गाऊन घ्यायचं असेल तर कायदा पाळावाच लागतो. २०१७ च्या नियमांनुसार बालकलाकारासाठी जिल्हादंडाधिकाऱ्यांची परवानगी लागते, दिवसाला पाच तासांपेक्षा जास्त आणि विश्रांतीशिवाय सलग तीन तासांपेक्षा जास्त काम घेता येत नाही, आणि मुलाच्या कमाईतला किमान २० टक्के भाग त्याच्या नावानं राष्ट्रीयीकृत बँकेत मुदत ठेवीत टाकावा लागतो. प्रत्यक्षात मुलांचा आवाज वीस-पंचवीस मिनिटांतच थकतो. ओळ-ओळ करून घ्या, उभं राहून गायला लावा, कागद हातात देऊ नका. कागदाची सळसळ प्रत्येक टेकमध्ये येते. खाली बघून वाचणाऱ्या मुलाचा आवाजही मायक्रोफोनपासून दूर जातो.

मुद्रण झालं की गायन, तालवाद्यं, स्वरवाद्यं आणि ध्वनिप्रभाव वेगवेगळ्या फाइलींत घ्या, सगळ्या एकाच बिंदूपासून सुरू होणाऱ्या, ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट. मोबाइलवर आलेली एमपी३ फाइल ॲनिमेशनसाठी वापरू नका, कारण एमपी३ च्या सुरुवातीला थोडी शांतता आपोआप जोडली जाते आणि तेवढ्यानं सगळे ओठ सरकतात. याच टप्प्यावर वाहिनीकडून गाण्याला लेखी मंजुरी घ्या. त्यानंतर मिक्स बदलता येईल, लांबी आणि लय नाही.

ॲनिमॅटिक

छोट्या चौकटींत स्टोरीबोर्ड काढा आणि प्रत्येक शॉटची लांबी आवर्तनात लिहा: १, २ किंवा ४. आपल्या गाण्याला साधारण २२ ते २४ शॉट पुरतात. तीन ते सहा वयोगटासाठी एका आवर्तनापेक्षा, म्हणजे अडीच सेकंदांपेक्षा, छोटा शॉट टाळा. मुलाला आधी पात्र सापडावं लागतं, मग ते काय करतंय ते दिसतं, आणि मगच ते स्वतः करायला लागतं. मोठ्यांच्या संगीत-व्हिडिओतली झपाट्याची कापाकापी इथं आणणं ही या प्रकारातली सर्वांत मोठी चूक आहे.

कट समेवर, म्हणजे आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर, करा, पण चित्र आवाजापेक्षा एक-दोन फ्रेम आधी बदलू द्या. डोळ्याला नवं चित्र वाचायला क्षणभर लागतो, त्यामुळे नेमक्या समेवर केलेला कट उशिरा आल्यासारखा भासतो. आपटणे, टाळी, उडी संपून पाय टेकणे यांनाही हाच नियम.

ॲनिमॅटिक, म्हणजे गाण्यावर मांडलेली ही स्थिर चित्रं, तयार झालं की ते चार-पाच लहान मुलांना दाखवा आणि फक्त त्यांचे हात बघा. कोणत्या ओळीला हात हलतात, कोणत्या ओळीला नजर दुसरीकडे जाते, ते लिहून घ्या. ‘आवडलं का?’ हा प्रश्न निरुपयोगी, मुलं हो म्हणतात. या टप्प्यावर शॉट बदलायला दहा मिनिटं लागतात. ॲनिमेशन झाल्यावर तोच बदल दोन दिवस खातो.

पात्र आणि रिग

टून बूम हार्मनी, मोहो, फुकट हवं असेल तर ओपनटून्झ किंवा ब्लेंडरमधलं ग्रीस पेन्सिल, कशावरही हे काम होतं. सॉफ्टवेअरवर वाद घालण्यापेक्षा पात्राची छायाकृती तपासा: पात्र पूर्ण काळं करून पाहिलं तरी हात डोक्यावर आहे की पोटावर ते कळायला हवं. बेडकाचे हात पोटासमोरच हलत असतील आणि दोन्हीचा रंग हिरवाच असेल तर क्रिया दिसतच नाही. पोट फिकट पिवळं करा किंवा हात शरीराबाहेर काढा.

एका मुख्य पात्राच्या रिगला, म्हणजे सांध्यांवर हलवता येणाऱ्या बाहुलीला, लागतात: समोरून, पाऊण वळलेली आणि बाजूची अशी तीन रूपं, प्रत्येक रूपाला नऊ तोंडं, पापणीच्या तीन अवस्था, हाताच्या पाच मुद्रा (उघडा तळवा, मूठ, एक बोट, टाळी, पकड). सांध्यांवर दोन्ही तुकड्यांत समान त्रिज्येचं वर्तुळ ठेवा, नाहीतर कोपर वाकला की फट दिसते. फाइलींची नावं रोमन अक्षरांत, मोकळी जागा न सोडता लिहा. देवनागरी नावांवर काही रेंडर यंत्रणा अडखळतात.

डावं-उजवं शिकवणारी ओळ असेल तर नीट विचार करा. पात्र मुलाकडे तोंड करून उभं असतं आणि मूल आरशातल्यासारखी नक्कल करतं, म्हणून पात्रानं उजवा हात वर केला की मूल डावा करतं. अशा ओळीला पात्र पाठमोरं दाखवा.

ठेक्यावर हालचाल

टाळीच्या फ्रेमवर शरीर खाली जातं, वर नाही. गुडघे वाकतात, डोकं किंचित दबतं. नवखे ॲनिमेटर नेमकं उलटं करतात आणि पात्र तरंगल्यासारखं दिसतं. १६ फ्रेमच्या चक्रात १ वर सर्वांत खाली, ९ वर सर्वांत वर, १७ वर पुन्हा खाली. १ ते ५ हळू, ५ ते ९ वेगानं वर, वर क्षणभर रेंगाळून मग झटकन खाली. सगळं सारख्या अंतरानं केलं तर पंप चालल्यासारखं यांत्रिक होतं. डोक्यावरचं इरलं दोन फ्रेम मागून यावं, बेडकाचं पोट एक फ्रेम मागून.

दादऱ्यात झोका वेगळा. पहिल्या मात्रेला उजवीकडे, चौथीला डावीकडे. शरीर वर-खाली करण्यापेक्षा डोलवणं शोभतं.

मुलानं करायची क्रिया एका आवर्तनात एकच, आणि तीच पूर्ण ओळभर. क्रियेच्या टोकाला पोझ निदान एक मात्रा, म्हणजे ८ फ्रेम, धरून ठेवा. क्रिया गाण्यात पहिल्यांदा येते तेव्हा शब्दाच्या अर्धं आवर्तन आधी पात्रानं तयारी दाखवली, उदाहरणार्थ हात बाजूला उचलून ठेवले, तर मूल वेळेवर सामील होतं. हे बारीक वाटेल, पण गाणं नुसतं पाहिलं जातं की सोबत केलं जातं, ते इथं ठरतं.

रिग तयार असेल तर एक जाणता ॲनिमेटर दिवसाला पाच ते आठ सेकंदांचं काम करतो. धृपद तीनदा येतं, तेव्हा दोन वेळचे मिळून साधारण २० सेकंद वाचतात आणि उरलेल्या ७० सेकंदांना एका माणसाचे बारा-तेरा कामाचे दिवस धरा. मात्र धृपद तसंच्या तसं चिकटवू नका. पहिल्या वेळी एकटा बेडूक, दुसऱ्यांदा कासव सामील, तिसऱ्यांदा सगळी पलटण आणि मागे वाहता ओढा. नाचाचं चक्र तेच राहतं, मुलाला शोधायला काहीतरी नवं मिळतं.

ओठ

मराठीसाठी नऊ तोंडं पुरतात: मिटलेलं (प, ब, भ, म), पूर्ण उघडं (आ), अर्धं उघडं (अ, ह, क, ग, आणि ट, ड, ळ सुद्धा, कारण जीभ आत वळते, बाहेरून दिसत नाही), रुंद (इ, ई, ए, य), गोल (ओ, औ), छोटं गोल (उ, ऊ, व), दात जवळ आलेलं (च, ज, स, श), जीभ दिसणारं (ल, त, द, न) आणि विश्रांतीचं. फ साठी गायिका ओठ मिटते की खालच्या ओठावर दात टेकवते ते ऐकून ठरवा.

कागदावरचे शब्द वाचून ओठ लावू नका. बोलताना ‘पाऊस’मधला शेवटचा स अर्धा उच्चारला जातो, गाण्यात तो पूर्ण, अकारासह येतो आणि तोंड उघडं राहतं. रूबार्ब लिप सिंकसारखी मोफत साधनं इंग्रजीखेरीज इतर भाषांसाठी नुसत्या ध्वनींवरून अंदाज करू शकतात, पण वाद्यांसह दिलेल्या ट्रॅकवर ती गोंधळतात. फक्त गायनाची फाइल द्या, आणि तरीही लांबवलेले स्वर हातानं दुरुस्त करावे लागतील हे धरून चाला.

सगळी अक्षरं दाखवायची गरज नाही. मिटलेले ओठ आणि मोठा आ हे दोन चुकले तर लगेच दिसतं, बाकी खपून जातं. आपल्या धृपदात ‘टप’ चारदा येतो. प्रत्येक लघु अक्षर ८ फ्रेमचं, म्हणून ओळीच्या सुरुवातीपासून मोजता प येतो ९, २५, ४१ आणि ५७ वर. ओठ मिटलेलं चित्र त्याच्या एक-दोन फ्रेम आधी लावा आणि निदान दोन फ्रेम टिकवा. एका फ्रेमचं मिटणं डोळ्याला दिसतच नाही. स्वर १६ फ्रेमपेक्षा लांब असेल तर त्या तोंडाला मध्ये थोडं आकुंचन द्या, नाहीतर चेहरा गोठतो.

पार्श्वभूमी, कॅमेरा, रेषा

वाहिन्यांचं प्रक्षेपण बहुधा १०८०आय, म्हणजे विणलेल्या ओळींचं असतं. त्यात दोन पिक्सेलपेक्षा बारीक आडव्या रेषा थरथरतात. वारली शैलीतलं चित्र, इरकलीचे काठ, कौलांच्या ओळी, बांबूची जाळी ही सगळी आपल्याकडची सुंदर सामग्री नेमकी याच कारणानं पडद्यावर चमचमते. रेषा तीन-चार पिक्सेल जाड करा किंवा उभ्या दिशेनं अगदी हलका ब्लर द्या. संगणकाच्या मॉनिटरवर हा दोष दिसणार नाही. टीव्हीवर लावूनच तपासा.

कॅमेरा आडवा सरकवताना एखादी वस्तू पडद्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जायला निदान सात सेकंद लागू द्या. त्याहून वेगानं नेलं की २५ फ्रेमवर चित्र फाटल्यासारखं धडधडतं. आणि कॅमेरा प्रत्येक फ्रेमला सरकत असेल, पण चालणाऱ्या बेडकाचे पाय टूजवर असतील, तर पाय जमिनीवर घसरताना दिसतात. अशा शॉटपुरती चाल वन्सवर, म्हणजे दर फ्रेमला नवं चित्र घेऊन, करा.

चारी कडांपासून मोकळी जागा ठेवा: डावी-उजवीकडे ९६ पिक्सेल, वर-खाली ५४. ज्या कोपऱ्यात वाहिनीचा लोगो बसतो तिथं पात्राचं डोकं नको. खाली जाहिरातीची पट्टी आली तर पाय झाकले जातील, तेव्हा पायांवर अवलंबून असलेली क्रिया पडद्याच्या मधल्या भागात घ्या.

पडद्यावर शब्द उमटवायचे का? मुलांच्या बऱ्याच वाहिन्या एकच चित्र अनेक भाषांच्या आवाजांसह दाखवतात. त्यामुळे अक्षरं चित्रात भाजून टाकू नका, वेगळ्या थरावर ठेवा आणि एक प्रत अक्षरांविना द्या. मराठी प्रतीसाठी बालू किंवा मुक्तासारखे खुल्या परवान्याचे फॉन्ट चांगले. ल आणि श मराठी वळणाचे आहेत का, ‘दऱ्या’मधला ऱ्य तुटत नाही ना, जोडाक्षरं पाय मोडून सुटी पडत नाहीत ना, हे प्रत्येक पाटीवर तपासा. आफ्टर इफेक्ट्समध्ये ती तुटली तर मजकुराच्या सेटिंगमध्ये भारतीय लिप्यांसाठीचा पर्याय निवडावा लागतो. गाण्याबरोबर शब्द रंगवत न्यायचे असतील तर अख्खं अक्षर एकदम रंगवा. डावीकडून उजवीकडे पुसत गेलं तर ‘कि’मधली वेलांटी आधी रंगते आणि क मागे राहतो, आणि वाचायला शिकणाऱ्या मुलाला ते चुकीचं दाखवलं जातं.

झगमगाट आणि अनुकरण

पावसाचं गाणं म्हटलं की वीज आलीच, आणि इथं अजिबात ढिलाई नको. डिसेंबर १९९७ मध्ये जपानमध्ये एका कार्टून मालिकेतल्या लाल-निळ्या वेगवान झगमगाटानंतर शेकडो मुलांना रुग्णालयात न्यावं लागलं होतं. त्यानंतर कडक झालेले नियम आज वाहिन्यांच्या तपासणीत असतात: पडद्याच्या पाव भागापेक्षा मोठ्या क्षेत्रात सेकंदाला तीनपेक्षा जास्त वेळा उजेड-अंधार होता कामा नये, आणि गडद लाल रंगाची लुकलुक तर टाळायचीच. वीज एकदाच चमकवा, ढगापुरती ठेवा, आणि उजेड १२ ते १५ फ्रेममध्ये हळू ओसरू द्या. जाड काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची फिरती नक्षीही याच तपासणीत अडकते.

मुलं पाहतात ते करतात. वीज चमकत असताना बेडूक झाडाखाली उभा दाखवू नका, त्याला घरात न्या. पावसात डोक्यावर प्लॅस्टिकची पिशवी कधीही नको; इरलं किंवा अळूचं पान घ्या. वाहत्या ओढ्यात पात्र एकटं उतरत नाही, काठावरून पाहतं.

जुळवणी, मिक्स आणि रवानगी

रेंडर व्हिडिओ फाइलमध्ये न घेता पीएनजी फ्रेमच्या मालिकेत घ्या. १८०० व्या फ्रेमला वीज गेली तरी तिथूनच पुढे चालू करता येतं आणि चुकलेल्या चार फ्रेम तेवढ्याच बदलता येतात.

मिक्समध्ये गायन पुढे ठेवा. ढोलकी थोडी दाबली तरी चालेल, शब्द कळलाच पाहिजे. थेंबांचा, उडीचा आवाज तालाच्या मात्रेवरच बसवा. युरोपीय प्रक्षेपण संघाच्या आर १२८ शिफारशीनुसार सरासरी −२३ एलयूएफएस (कानाला जाणवणाऱ्या मोठेपणाचं एकक) आणि सर्वोच्च शिखर −१ डेसिबलच्या (ट्रू पीक) खाली. वाहिनीनं वेगळा आकडा दिला असेल तर तोच अंतिम. इंटरनेटसाठी केलेला −१४ च्या आसपासचा मिक्स जसाच्या तसा पाठवला तर फाइल परत येते. स्टिरिओ रुंद करणारे प्रभाव वापरले असतील तर एकदा मोनोत ऐका, कधीकधी अख्खं कोरस गायब झालेलं आढळतं.

पाठवण्यापूर्वी एका माणसानं, शक्यतो ज्यानं ॲनिमेशन केलं नाही त्यानं, पूर्ण गाणं तीनदा पाहावं. एकदा आवाज बंद करून, एकदा फक्त ओठ बघत, एकदा प्रत्येक कटवर फ्रेम-फ्रेम थांबत. नेहमी सापडणारे दोष असे: कटच्या जागी राहिलेली एक कोरी फ्रेम, पाऊण चेहऱ्यावर समोरचं तोंड, हात अचानक शरीरामागे जाणे, चक्राच्या सांध्यावर दोनदा आलेलं तेच चित्र. या शेवटच्या दोषामुळे दर आवर्तनाला पात्र किंचित अडखळतं. १६ फ्रेमच्या चक्रात १७ वी फ्रेम ही १ चीच प्रत असते, ती काढून टाका.

मास्टर फाइल वाहिनीच्या पत्रकाप्रमाणे: बहुधा एमएक्सएफमध्ये ५० मेगाबिटची एक्सडीकॅम ४२२ किंवा प्रोरेस ४२२ एचक्यू, रेक. ७०९ रंग, १०८०आय असेल तर वरची फील्ड (एकाआड एक ओळींचा संच) आधी. फील्डचा क्रम उलटा पडला की प्रत्येक हालचाल पुढे-मागे थरथरते. तेव्हा ॲनिमेशनमध्ये दोष शोधत बसण्याआधी ही खूण तपासा. सोबत द्या: अक्षरांविना प्रत, गायनाविना संगीत आणि प्रभावांचा ट्रॅक, दोन्ही भाषांतरासाठी. गाण्याचे शब्द मात्रांच्या खुणांसह द्या, म्हणजे दुसऱ्या भाषेतला गीतकार सोळा मात्रांतच लिहील आणि ओठ फारसे हलवावे लागणार नाहीत. शिवाय क्यू शीट: गाण्याचं नाव, गीतकार, संगीतकार, गायक, हक्कधारक आणि सेकंदांतली लांबी. रॉयल्टीचा हिशोब याच कागदावरून होतो, त्यामुळे नावांचं स्पेलिंग करारातल्याप्रमाणेच लिहा.

प्रोजेक्टच्या मूळ फाइली, फॉन्ट, रिग आणि सुटे ध्वनिट्रॅक दोन वेगळ्या डिस्कवर ठेवा आणि त्यातली एक प्रत दुसऱ्या संगणकावर उघडून पाहा. वाहिनीनं सहा महिन्यांनी ३० सेकंदांची छोटी आवृत्ती मागितली तर सुरुवातीच्या संगीताचं एक आवर्तन, धृपदाची चार, पहिल्या कडव्याच्या पहिल्या दोन ओळींची चार आणि समारोपाची दोन घ्या. ही ११ आवर्तनं म्हणजे ७०४ फ्रेम. गुंज विरायला ४६ फ्रेम ठेवल्या की बरोबर ७५० होतात.